चेष्टा

माझी मावशी मंदाकिनी गावंडे रायपूरच्या एका छापखान्यात तीस वर्षं प्रूफं वाचत होती. हिंदी प्रूफं. घरात मराठी आणि पोटापाण्याला हिंदी, यात आमच्याकडे काही नवल नाही. माझे वडील रेल्वेत होते, तेही ड्यूटीवर हिंदीत बोलायचे आणि आईशी भांडायला मराठीत घरी यायचे. मावशीच्या तोंडात हिंदी फारशी बसली नाही, डोळ्यांत मात्र पक्की बसली. छापखान्याचे सेठजी म्हणत, दीदीच्या नजरेखालून गेलेला कागद डोळे मिटून छापावा.

तिची वाचायची एक रीत होती. ओळीखाली पितळेची पट्टी धरायची आणि शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे यायचं. उलटं. लहानपणी मी विचारलं होतं, अशी काहून वाचतेस? तर म्हणाली, "सुलटं वाचलं का अर्थ लागते. अर्थ लागला का माणूस पुढं पळते अन् चूक मागं राहते." लग्नाची पत्रिका असो की तेरवीचं पत्र, ती एकाच चेहऱ्यानं वाचायची, बाजूला लाल खूण करायची आणि पुढचा कागद ओढायची.

हा चेहरा ती घरीही घेऊन यायची, हे आमचं दुखणं. मावशीसमोर थट्टा चालत नसे. कोणी कोणाची टर उडवली की ती पानावरून उठायची. माझी आई कुसुम तिची थोरली बहीण; दोघी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या. ती म्हणायची, "मंदी पयले लय खट्याळ होती गं. आर्वीला होतो तवा आख्ख्या गल्लीची नक्कल करे." मला हे खोटं वाटायचं. मावशी आणि नक्कल, म्हणजे कारल्याचा मुरंबा.

लग्न तिनं केलं नाही. स्थळं आली होती, ती तिनं परतवली. कारण विचारलं की म्हणे, "मले कोणी हसलेलं चालत नाही." आता स्थळाकडची माणसं काय हसायला येतात? पण तिच्यापुढं कोण बोलणार. माझे वडील वारल्यावर आई माझ्याकडे आली, आणि मावशी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात माडीवरच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. सकाळी पायी सदर बाजारामागच्या गल्लीतला छापखाना, संध्याकाळी पायी परत. रविवारी मी जायची. "जेवली का" आणि "दवाई घेतली का" एवढंच आम्ही तिला विचारायचो. मी तर तेही हिंदीत. ती मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायची, आमच्या पिढीची ही खोडच आहे. ही गोष्ट मी आज मराठीत लिहिते आहे, त्याचं कारण पुढे येईल.

दोन हजार सालच्या नोव्हेंबरात रायपूर राजधानी झालं आणि मावशीचं काम तिप्पट झालं. जो फॉर्म येईल त्यावरचं मध्यप्रदेश खोडायचं आणि छत्तीसगढ़ करायचं. दाखले, पावत्या, अर्ज, हजेरीपत्रकं. भोपाळहून साहेब लोक आले, घरभाडी चढली, हॉटेलं झाली. हॉटेलं झाल्यावर त्यांच्या हॉलमध्ये शिबिरं भरायला लागली. ताण कसा घालवावा, राग कसा गिळावा, आपण कोण आहोत हे कसं शोधावं. माणसं पन्नास वर्षं एका गावात राहून स्वतःला सापडत नाहीत, ती दोन दिवसांत हॉटेलात सापडतात असा या लोकांचा दावा. असो, माझ्या बोलण्याला धार जरा जास्त आहे, हे आईही म्हणते.

अशाच एका शिबिरासाठी दोन हजार पाचच्या हिवाळ्यात एक वही छापायला आली. नाव 'स्वयं से भेंट'. तिचे तीन भाग होते, प्रेम, लगन आणि पुकार. प्रत्येक भागात प्रश्न, आणि प्रश्नाखाली उत्तर लिहायला आठ ओळी टिंबं. मावशीनं तिचं प्रूफ तीनदा वाचलं, तिन्ही वेळा उलटं. वही छापून गेली. एका प्रतीचं कव्हर उलटं लागलं होतं, ती मावशी रद्दीतून उचलून घरी घेऊन आली.

ती त्यात लिहिते आहे हे मला पुढच्याच रविवारी दुपारी कळलं. मी जिना चढून गेले तर खिडकीपाशी बसून लाल पेनानं काहीतरी चाललेलं. मला पाहून तिनं वही पदराखाली घातली. छप्पन्न वर्षांची बाई. मी ओढून घेतली.

"दे इकडे," ती म्हणाली. "टिंबं रिकामी होती, म्हणून लिहून राहिली."

मी वाचलं. पहिला भाग, प्रेम. पहिला प्रश्न, *क्या आपने कभी प्रेम किया?* खाली मावशीच्या टपोऱ्या अक्षरात मराठीत, 'हो. एकदा. १९७१.'

माझं हसू तिथंच थांबलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. एकतीस वर्षं या बाईच्या मांडीवर, हातावर, डोळ्यांसमोर वाढले, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिला विचारलं ते एका रद्दीतल्या वहीनं, तेही हिंदीत. मला लाज वाटली, आणि थोडा राग आला, तो माझाच.

दुसरा प्रश्न, *किससे?* उत्तर, 'टायपिंगच्या क्लासातले. सुशील घाटगे.'

तिसरा, *उसे पाने की आपने क्या चेष्टा की?* याच्या आठही ओळी कोऱ्या होत्या.

पान उलटलं. दुसरा भाग, लगन. *जीवन की भाग-दौड़ में आपकी लगन का क्या हुआ?* खाली दोनच शब्द. 'नाही झालं.'

आता मात्र मला हसू आवरेना. आमच्या आर्वीकडे लगन म्हणजे लग्न. हिंदीत लगन म्हणजे एखाद्या गोष्टीची मनापासून लागलेली ओढ, तिचा ध्यास. शिबिरवाले विचारत होते तुमचा ध्यास कशात आहे, आणि मावशीनं त्यांना कळवलं होतं की लग्न झालं नाही.

"मावशी, लगन मतलब शादी नहीं," मी म्हटलं. "लगन मतलब धुन. शौक."

तिनं वही हातात घेतली. मी हसले म्हणून ती उठून जाईल असं वाटलं. ती उठली नाही. त्या शब्दाकडे बघत राहिली.

"माह्या नजरेतून कसं सुटलं?" ती म्हणाली. "हिंदी लगन मले माहीत नाही का? हजारदा वाचला आहे."

"प्रूफ में नहीं छूटा. घर आके छूटा. यहाँ तुमने सीधा पढ़ा ना."

मी सहज बोलले होते. ती मात्र एक पान मागं गेली, तिथल्या तिसऱ्या प्रश्नावर तिनं बोट ठेवलं आणि मला विचारलं, "चेष्टा म्हणजे काय?"

"कोशिश. प्रयत्न."

"हिंदीत."

"हाँ, हिंदी में. मराठी में चेष्टा मतलब थट्टा. पता तो है तुमको."

"हव," ती म्हणाली. आमच्याकडे हो म्हणायचा हा छत्तीसगढी शब्द. ती तो क्वचितच वापरायची. मग उठून आतल्या खोलीत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात चौघडी केलेला वहीचा कागद होता. घडीवर फाटत आलेला.

ही हकीकत तिनं मला त्या दुपारी सांगितली. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती.

एकोणसत्तर साली ती आर्वीहून रायपूरला आली, बहिणीच्या संसाराला मदत म्हणून. वीस वर्षांची. सदर बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास होता, तिथं तिचं नाव घातलं. शेजारच्या मशीनवर सुशील घाटगे. घाटगे म्हणजे भोसल्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आलेलं घराणं. आमचं घर आलं ते वडिलांच्या रेल्वेबरोबर. त्यांच्याकडे जुनी तलवार, आमच्याकडे फुकटचा पास. आणि त्यांच्या सव्वादोनशे वर्षांत मराठीवर हिंदीची इतकी पुटं चढली होती की ऐकणाऱ्यानं खरवडून घ्यावी. ते मराठी म्हणून जे बोलत त्यात ळ नव्हता. वेळेला वेल म्हणत, काळ्याला काला.

पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "माझी शिक्षा सागरला झाली."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि सागरला विद्यापीठ आहे. मावशीला ते कळलं होतं, तरी तिनं तोंड पाडून विचारलं, "किती वर्षांची?"

"चार."

"अन् जामीन नाही मिळाला?"

घाटग्यांना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग ते इतके हसले की क्लासच्या मास्तरांनी दोघांना बाहेर काढलं. त्या जिन्यात त्यांचं पहिलं खरं बोलणं झालं. पुढं दीड वर्ष मावशीनं त्यांच्या मराठीची रोज खोडी काढली. ते चुकत, ती नक्कल करी, ते हसत. "मले वाटे, त्याले आवडते," मावशी म्हणाली. "आवडतही असंन. मी कधी विचारलं नाही."

लग्नाची गोष्ट निघाली ती एकाहत्तरच्या उन्हाळ्यात. ते म्हणाले, घरी बोलतो, काय होईल ते पत्रानं कळवतो, कारण क्लास बंद होत होता. आणि मावशीनं त्यांना बजावलं, "पत्र मराठीत लिहा. हिंदीत लिहिलं तर मी वाचणार नाही." हे तिनं मला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा फार हळू.

पत्र आलं. मी ते हातात घेऊन वाचलं, जसंच्या तसं देते.

'मंदाकिनीजी, आपल्या लग्नाची मी फार चेष्टा केली. घरात सगल्यांसमोर केली. बाबा, काका सगले हसले. आपण म्हणाल तर अजून करीन. सुशील.'

मराठी माणसानं हे वाचून काय समजावं? आपल्या लग्नाची यानं घरात सर्वांसमोर टिंगल केली, घरचे पोट धरून हसले, आणि वर विचारतो आहे, अजून करू का? मावशी आर्वीची. बोली हिंदी तिला दोन वर्षांत कळायला लागली होती, पुस्तकी हिंदी नाही. चेष्टा या शब्दाला दुसरं घर आहे हे तिच्या गावी नव्हतं. शिवाय दीड वर्ष तीच त्यांची थट्टा करत आलेली. तिला वाटलं, यानं उट्टं काढलं. जशास तसं.

"तू उलटून काय लिहिलं?" मी विचारलं. मराठीत विचारलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"तुमची चेष्टा पुरे झाली. आता तोंड दाखवू नका."

मी डोक्याला हात लावला. घाटग्यांनी ते कसं वाचलं असेल? तुमचे प्रयत्न पुरे झाले, आता येऊ नका. भल्या माणसानं ऐकलं. पुन्हा तोंड दाखवलं नाही.

पुढं मावशी छापखान्यात लागली. चेष्टा हा शब्द हिंदीत तिच्या पट्टीखालून किती वेळा गेला असेल याची गणती नाही. अधिकाऱ्यांची भाषणं त्याच्याशिवाय संपत नाहीत. पण तो छापखान्यातला शब्द होता, आणि पत्रातला पेटीतला. पेटी तिनं चौतीस वर्षं उघडली नव्हती. दोन्ही शब्द समोरासमोर आले ते त्या दुपारी.

मावशीनं कागद मांडीवरच्या वहीवर पसरला, पितळेची पट्टी घेतली आणि शेवटच्या ओळीखाली धरली. मग तिनं ते पत्र प्रूफासारखं वाचलं. उलटं, एकेक शब्द, ओठांत पुटपुटत. 'सगले'मधल्या ल वर लाल खूण केली, बाजूला ळ लिहिला. दोन्ही ठिकाणी. वर चेष्टा आला. त्याला गोल केला आणि समासात लिहिलं, प्रयत्न. एक शब्द बदलला की त्याच्या अवतीभवतीचं बदलावं लागतं. लग्नाची खोडून लग्नाचा केलं, केली खोडून केला, पुन्हा केला.

मग तिनं पट्टी बाजूला ठेवली आणि सुलटं वाचलं, मोठ्यानं. "आपल्या लग्नाचा मी फार प्रयत्न केला. घरात सगळ्यांसमोर केला. बाबा, काका सगळे हसले. आपण म्हणाल तर अजून करीन."

शेवटच्या वाक्यावर तिला रडू फुटलं. मावशीला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना, मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसले. ती म्हणाली, "घरचे त्याले हसले होते, मले नाही. एका चांगल्या माणसावर मी चौतीस वर्षं रुसून राहिली, मीनल. मले वाटे, आपण हसण्यासारखे आहो. म्हणून कोणाले जवळ येऊ दिलं नाही."

थोड्या वेळानं मी मूर्खासारखं विचारलं, "ते आता कुठं असतात? आपण जाऊन सांगू."

"अठ्ठ्याण्णवमध्ये गेले. तेरवीचं पत्र माह्याच टेबलावर आलं होतं."

तिनं पत्राची पुन्हा घडी केली.

"नाव घाडगे झालं होतं. मी घाटगे केलं. मूळ कागद न पाहता केलं. सेठजी म्हणाले, दीदी, कैसे पता? म्हटलं, मालूम है. बाकी पत्र नीट होतं. पत्ताही तपासला, बुढापाऱ्याचा. मग डबा काढला. मेथीची भाजी होती, ती खाल्ली." तिनं लाल पेनाला टोपण लावलं. "मले बरं वाटलं होतं. हसणारा गेला, असं वाटलं होतं."

त्या दिवशी मी रात्री राहते म्हटलं, तिनं घरी पाठवलं. पुढच्या रविवारी तिनं विषय काढला नाही. मीही काढला नाही. तिसऱ्या रविवारी मी गेले तर ती इस्त्रीची साडी नेसून तयार बसली होती, पर्स मांडीवर. पर्समध्ये ते पत्र असणार हे मला न सांगता कळलं.

"बुढापाऱ्यात ने मले," ती म्हणाली.

स्कूटीवर माझ्यामागं बसून तिनं घर बरोबर दाखवलं. सात वर्षांपूर्वी तपासलेला पत्ता तिला पाठ होता. दार उघडलं ते घाटग्यांच्या बायकोनं, शर्मिष्ठाबाईंनी. साठीच्या आसपास, डोळ्यांवर जाड चष्मा. मावशी म्हणाली, "मी मंदाकिनी गावंडे. सुशीलरावांसोबत टायपिंगच्या क्लासात होती. आता कळलं, म्हणून भेटायले आली."

'आता कळलं' हे खरंच होतं. शर्मिष्ठाबाईंना ते निधनाबद्दल वाटलं. नावाची त्यांना काही ओळख लागलेली दिसली नाही. पण मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्या अमरावतीच्या.

"या, या. किती दिवसांनी घरात मराठी आली," त्या म्हणाल्या, आणि आत चहाचं सांगायला गेल्या. आतून सुनेनं विचारलं, "कौन है मम्मी?" मुलगा विशाल सिलतऱ्याला एका कारखान्यात इंजिनियर. तो बाहेर येऊन पाया पडला, "नमस्ते आंटी" म्हणाला आणि गाडी काढून गेला. भिंतीवर सुशील घाटग्यांचा फोटो होता. बारीक मिशी, कान जरा मोठे, आणि ओठ असे की आता हसतील. मावशी फोटोसमोरच्या खुर्चीवर बसली नाही, बाजूच्या खुर्चीवर बसली.

शर्मिष्ठाबाई बोलायला भुकेल्या होत्या. बीपी, गुडघे, नातू इंग्रजी शाळेत. मग म्हणाल्या, "पोट्टे मराठीत बोलत नाहीत हो. समजते सगळं, जवाब हिंदीत देतात. मी तरी कोणाशी बोलू? ह्यांचंही तसंच होतं. सत्तावीस वर्षांचा संसार झाला, पण मराठीचा एक शब्द काढला नाही. मी मराठीत बोलू, ते हिंदीत जवाब देत."

"काहून?" मावशीनं विचारलं. तिचा हात पर्सच्या चेनवर होता.

"म्हणत, मले बनत नाही. पण तसं नव्हतं. एकदा बोलता बोलता सांगून गेले." शर्मिष्ठाबाईंनी बशी खाली ठेवली. "लग्नाच्या आधी कोणीतरी त्यांच्या मराठीची लय चेष्टा केली होती म्हणे. तेच जिव्हारी लागलं असंन. माणूस मनातून हसरा होता, पण मराठी निघाली का गप्प होऊन जाय."

शर्मिष्ठाबाई अमरावतीच्या, त्यामुळं त्यांचा तो शब्द शुद्ध मराठी अर्थाचा होता. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

मी मावशीकडे बघायचं टाळलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"हव," मावशी म्हणाली. "मीच केली होती."

शर्मिष्ठाबाईंनी चष्मा वर केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. किती कळलं, किती नाही, मला आजही सांगता येणार नाही. सत्तावीस वर्षं संसार केलेली बाई, तिला काही शिकवायची गरज नसते. त्या रागावल्या नाहीत.

"ळ येतच नव्हता त्यांना," त्या म्हणाल्या.

"नव्हताच येत," मावशी म्हणाली.

दोघी जरा हसल्या. मग शर्मिष्ठाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि आणखी चहा घ्या म्हणाल्या. मावशीनं घेतला. पर्स तिनं उघडली नाही. निघताना शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, येत जा, मराठी बोलायला तरी. मावशी हो म्हणाली, पण परत गेली नाही.

बाहेर आल्यावर मी भांडलेच. पत्र का दाखवलं नाही? एवढं चौतीस वर्षं जपलेलं, एवढं दुरुस्त केलेलं. मावशी स्कूटीला टेकून उभी होती. म्हणाली, "ते पत्र तिचं नाही. अन् छापून झाल्यावर प्रूफ वाचून काय उपेग? तिच्या घरी सत्तावीस वर्षं छापून झालं आहे."

वाटेत ती एकच वाक्य बोलली. मी हिंदीत काहीतरी विचारलं होतं, भाजी घ्यायची का असं काही. तर म्हणाली, "मीनल, माह्याशी मराठीत बोलत जा. चुकली तरी मी हसणार नाही." तेव्हापासून मी तिच्याशी मराठीत बोलते. चुकते, ती हसत नाही, नंतर सांगते. हे लिहिलेलंही तिला दाखवायचं आहे, म्हणून प्रत्येक ळ मी दोनदा पाहिला आहे.

वही तिनं मला पुढच्या महिन्यात दिली. "भरून झाली, ठेव तुह्याकडे," म्हणाली. तिसऱ्या भागात, पुकारमध्ये, प्रश्न होता, *आपको कौन-सी पुकार सुनाई देती है?* मावशीनं लिहिलं होतं, 'दीदी, मॅटर आ गया. याशिवाय मला कोणी हाक मारत नाही. पण ही आली की मी उठते आणि मला बरं वाटतं.'

लगनच्या पानावर 'नाही झालं' खोडलं होतं आणि त्याखाली बारीक टिंबं दिली होती. खोडलेलं तसंच राहू द्यायचं असलं की प्रूफवाले खाली टिंबं देतात. पुढं लिहिलं होतं, 'लग्न नाही झालं. लगन झाली, प्रूफांशी.'

मग मी पहिल्या भागाकडे गेले. *उसे पाने की आपने क्या चेष्टा की?* आठ ओळींपैकी एक भरली होती. प्रश्न हिंदीत होता, उत्तर मराठीत.

'चेष्टाच केली.'